गिरणगावचे रस्ते: थोडा इतिहास, बराच भूगोल

मुंबईच्या सरकारी नकाशात गिरणगाव नावाचे गाव सापडत नाही. त्या नावाचे रेल्वे स्थानक नाही, पोस्ट ऑफिस नाही, मतदारसंघही नाही. तरीही भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, डिलाईल रोड, लोअर परळ आणि वरळी एवढा मुलूख मिळून गिरणगाव होते, याबद्दल तिथल्या माणसाच्या मनात शंका नसते. ताडदेव त्यात धरायचे की नाही यावर मात्र अजूनही वाद घालता येतो. ताडदेवचा दावा तसा जोरदार आहे, कारण कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढलेली मुंबईतली पहिली कापडगिरणी तिथेच १८५६ मध्ये सुरू झाली.

पुढे गिरण्यांची संख्या साठच्या आसपास गेली आणि त्यांनी सुमारे सहाशे एकर जमीन अडवली. उरलेल्या जागेत चाळी उभ्या राहिल्या. चाळी उभ्या करूनही जी जागा शिल्लक राहिली तिला रस्ता म्हणण्याची पद्धत पडली. त्यामुळे गिरणगावातल्या जुन्या रस्त्याची रचना समजायला सोपी आहे: एका अंगाला गिरणीची धुराने काळवंडलेली उंच भिंत, दुसऱ्या अंगाला चाळीचा लाकडी कठडा आणि त्यावर वाळत घातलेले कपडे. मधली पट्टी कामगाराला खोलीतून गिरणीच्या दरवाजापर्यंत पायी नेण्यापुरती होती. हे अंतर पाच-दहा मिनिटांचे असे. मोटार ही वस्तू या हिशेबात धरलेलीच नव्हती. एखाद्या गल्लीत टॅक्सी शिरली तर कोणाकडे तरी बाळंतपण आहे किंवा गावाहून म्हातारी आजारी होऊन आली आहे, असे समजून माणसे आपण होऊन बाजूला होत.

या रस्त्यांची वेळ भोंगा ठरवत असे. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची आणि तिसरी रात्री बाराची. प्रत्येक गिरणीच्या भोंग्याचा आवाज वेगळा असे आणि तो कोणत्या गिरणीचा हे चाळीतले शेंबडे पोरही सांगू शके. भोंग्यावर घड्याळे लावली जात, भात चुलीवर चढे, पोरे शाळेला पिटाळली जात. आज या भोंग्याच्या आठवणीने गळा दाटून येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांतल्या बहुतेकांनी त्या काळात त्याच भोंग्याला पहाटेच्या अंधारात अस्सल मालवणी किंवा सातारी शिव्या घातलेल्या आहेत, ही गोष्ट गहिवराच्या भरात विसरली जाते. भोंगा गोड लागण्याचे काही कारणच नव्हते. दरवाजावर बदली कामगार उभे असत. कायम कामगार वेळेवर आला नाही तर त्याच्या मागावर त्या दिवशी बदली उभा राही आणि रोजही त्यालाच मिळे. एकाच्या पडशाखोकल्यावर दुसऱ्याच्या घरची चूल पेटण्याची ही व्यवस्था शंभर वर्षांहून अधिक काळ बिनबोभाट चालली.

रविवार हा वार रस्त्यावर बराच उशिरा आला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना १८८४ साली उभी केली आणि सहा वर्षे झगडून १० जून १८९० रोजी आठवड्याची सुट्टी मिळवली. त्याआधी गिरणगावातल्या रस्त्याला सगळे वार सारखेच होते. आज रविवारी दुपारी मटण खाऊन झोपणाऱ्या मुंबईकराने लोखंड्यांचे नाव घ्यायला हरकत नाही, पण जेवणानंतर इतिहास आठवत नाही हेही खरे.

रस्ता खऱ्या अर्थाने पाहायचा तो दुपारी साडेतीनला. दरवाजाची दिंडी उघडे आणि पहिल्या पाळीचा लोंढा बाहेर पडे. डोक्यावर, भुवयांवर आणि मिशांवर कापसाचे तंतू बसलेले असत, त्यामुळे सकाळी तिशीचा आत गेलेला माणूस साठीचा होऊन बाहेर आल्यासारखा दिसे. दारावर दरवान झडती घेई, कारण कमरेला गुंडाळून कापडाचा तुकडा बाहेर नेण्याची कला अनेकांना साधलेली होती. झडतीतून सुटलेला माणूस डबा काखेत मारून पहिला थांबे तो कोपऱ्यावरच्या इराण्याकडे किंवा पानवाल्याकडे. त्याच वेळी दुसऱ्या पाळीचा लोंढा समोरून येत असे. दोन लोंढे एकमेकांत शिरून आरपार जात, तेवढ्यात कोणाच्या मुलीचे जमले, कोणाला जॉबरने, म्हणजे मुकादमाने, पिडले, कोणाच्या गावी पाऊस झाला याची देवाणघेवाण होई. या दहा मिनिटांत ट्राम घंटी वाजवत उभी राही. तिने घंटी वाजवावी आणि लोकांनी ती ऐकू नये, असा उभयपक्षी समझोता होता.

पगाराच्या दिवशी याच दरवाजासमोर वेगळी मांडणी दिसे. एका बाजूला व्याजाच्या वसुलीसाठी उभा असलेला पठाण, दुसऱ्या बाजूला खाणावळवाली बाई, थोड्या अंतरावर दुकानदाराचा पोऱ्या, आणि पदर खोचून उभी असलेली कामगाराची बायको. पगार कोणाच्या हाती आधी लागतो याची ही शर्यत होती. गुत्ता मात्र स्वतः दरवाजावर येत नसे. गिऱ्हाईक पायांनी चालत येणार याची त्याला खात्री असे.

खाणावळींचे प्रकरण थोडे सविस्तर सांगायला हवे. कोकणातून आणि घाटावरून आलेले बरेचसे कामगार बायकामुले गावी ठेवून आलेले. एकेका गावाच्या नावाने खोली घेतलेली असे आणि तिच्यात तीस-तीस, चाळीस-चाळीस गावकरी राहत. राहत म्हणजे त्यांच्या ट्रंका आणि वळकट्या राहत. माणसे पाळीपाळीने येऊन त्यांवर झोपून जात. रात्रपाळीवाला उठला की त्याच्या ऊबदार जागेवर दिवसपाळीवाला आडवा होई. यांच्या पोटाची सोय शेजारच्या चाळीतल्या बायका महिन्याच्या ठरलेल्या पैशांत करत. तीन पाळ्यांची जेवणे रांधणाऱ्या या बायकांची पाळी मात्र कधीच सुटत नसे. त्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले, तोवर त्यांचा बँकर तो दरवाजावरचा पठाणच होता.

चाळीस माणसांची खोली दहा बाय बाराची असेल तर बाकीचे घर कुठे असणार? ते रस्त्यावर होते. फुटपाथ चालण्यासाठी असतो ही समजूत गिरणगावात कधीच नव्हती. उन्हाळ्यात तिथे खाटा पडत आणि कोणाची खाट कोणत्या खांबापाशी हे सात-बाराच्या उताऱ्याइतके पक्के असे. नवखा माणूस चुकून दुसऱ्याच्या खांबाखाली पसरला तर मध्यरात्री पाळी संपवून आलेला मूळ मालक त्याला हलवून उठवी, आणि उठलेला माणूस वळकटी काखोटीला मारून मुकाट्याने पुढच्या खांबाकडे जाई. त्याच रस्त्यावर संध्याकाळी कबड्डीचे मैदान आखले जाई, शनिवारी भजनाची डबलबारी रंगे, लग्नाचा मांडव पडे आणि त्याच मांडवाच्या बांबूंवर दुसऱ्या दिवशी युनियनची सभा होई. शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांच्या पोवाड्यांना तिकीट लावलेले नाट्यगृह लागले नाही. चार मागची माणसे पुढे ढकलता येतील एवढा चौक त्यांना पुरला. नाटकवाल्यांसाठी परळला १९२२ पासून दामोदर हॉल होता, पण तालीम बहुधा जिन्याखालीच होई आणि तीत नायिकेचे काम करणाऱ्या बुवाला घरून हाक आली की प्रवेश तिथेच थांबे.

रस्त्यांची नावे हा स्वतंत्र विषय आहे. सरकारने वेळोवेळी ती बदलली आणि लोकांनी आदराने मान डोलावून जुनीच वापरली. डिलाईल रोड कागदोपत्री ना. म. जोशी मार्ग आहे. जोशी हे कामगारांसाठी आयुष्य वेचलेले गृहस्थ, त्यांच्याविषयी कोणाची तक्रार नाही, तरी टॅक्सीवाल्याला सांगताना तोंडातून ‘डिलाईल’च येते. आर्थर रोडचा साने गुरुजी मार्ग झाला, पण तिथल्या तुरुंगात गेलेला माणूस आर्थर रोडलाच गेला असे म्हणतात. गुरुजींच्या दृष्टीने हे बरेच झाले. तुळशी तलावाचे पाणी आणणाऱ्या नळावरून तुळशी पाइप रोड हे नाव पडले. त्याचा सेनापती बापट मार्ग होऊनही पाइपाने आपला हक्क सोडलेला नाही. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, तिचे रूळ डांबराखाली गेले, पण दादरच्या ट्राम टर्मिनसला लोक आजही ‘दादर टीटी’ म्हणतात. ट्राम कधीही न पाहिलेली पोरे तिथे कोणाची तरी वाट पाहत उभी असतात. या सगळ्यांवर कडी केली ती घरे विकणाऱ्यांनी. लोअर परळमधल्या ‘लोअर’ने भाव पडेल की काय या भीतीने जाहिरातींत त्याला ‘अप्पर वरळी’ म्हणणे सुरू झाले. भूगोलात जमीन न हलवता उंची वाढवण्याची अशी उदाहरणे फार थोडी आहेत.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. सुरुवातीला रस्त्यांवर जत्रेसारखी गर्दी होती. इतकी माणसे एका वेळी जागी आणि मोकळी असण्याचा प्रसंगच कधी आला नव्हता, चाळीत उभे राहायला जागा नव्हती. संप चार-सहा महिन्यांत मिटेल असा हिशेब करून अनेकजण गावी भातलावणीला गेले. संप मिटला नाही, लावणीनंतर कापणी झाली. गावी न गेलेल्यांनी त्याच रस्त्यावर भाजीच्या पाट्या मांडल्या, वडे तळले, कोणी वॉचमन झाला, आणि ज्या बायका खाणावळ चालवत त्यांच्याकडे जेवणाऱ्यांचे पैसे थकले. एकेक भोंगा बंद पडत गेला. भोंगा वाजला की झोपमोड होते हे सर्वांना ठाऊक होते, पण तो वाजला नाही तर झोपच येत नाही, हा शोध गिरणगावाला तेव्हा लागला. हा भाग विनोदी लेखात फार लांबवता येत नाही.

गिरण्या बंद पडल्या तरी जमीन चालूच होती. किंबहुना ती आधीपेक्षा जास्त वेगाने चालू लागली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे साधारण तीन वाटे करावेत असे ठरले: एक महापालिकेच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटे करायचे ते फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीचे, गिरणीची इमारत पाडून मोकळी झालेल्या जमिनीचे नव्हे, असा तिचा अर्थ निघाला. मोकळी जमीन म्हणजे काय, हा वरवर भोळा वाटणारा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ मध्ये मालकांच्या बाजूने सुटला. गिरणीत जवळजवळ सगळी जमीन इमारतीखालीच असते, ही गोष्ट कोणत्याही बदली कामगाराने फुकट सांगितली असती. बागेसाठी जे मिळायचे ते मग तिच्यातल्या बाकांच्या मापाचे उरले.

त्यानंतरचा बदल झपाट्याने झाला. १९०५ साली स्थापन झालेली फिनिक्स मिल मॉल झाली आणि तिची चिमणी शोभेसाठी राखली गेली. धूर काढणारी चिमणी वाईट आणि धूर न काढणारी चिमणी वारसा, असा नवा नियम दिसतो. कमला मिलमध्ये कार्यालये आणि पब आले. ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. पत्त्यांतून ‘मिल’ हा शब्द मात्र गेला नाही. त्यामुळे आजी जॉबरच्या काळातली असेल आणि नातू कमला मिलमध्ये कॉम्प्युटरवर काम करत असेल, तर ‘कुठल्या खात्यात आहेस रे, कातणीच्या की मागाच्या?’ असा प्रश्न येतो. ‘रात्रपाळी आहे’ हे उत्तर ऐकून तिचे समाधानही होते. तिच्या लेखी काही बदललेलेच नाही, आणि तिचे फारसे चुकतही नाही. नातूही गळ्यात तिकीट अडकवून आत जातो, उशीर झाला तर त्याचेही पैसे कापतात आणि तोही अर्ध्या तासाच्या सुट्टीत डबा खातो.

दरवाजावरची झडतीही टिकून आहे, दिशा तेवढी उलटली आहे. पूर्वी बाहेर पडताना कापड नेत नाही ना हे पाहत. आता आत जाताना बाहेरचे खाणे नेत नाही ना हे पाहतात. जुन्या झडतीत आतला माल वाचवायचा होता, नव्या झडतीत आतला माल खपवायचा आहे. ज्या आवारात कामगार चाळीतून आलेली भाकरी सोडून बसत, तिथे आता विटा मुद्दाम उघड्या ठेवलेल्या भिंतीखाली तशीच भाकरी काळ्या दगडी ताटलीत येते. तिच्याबरोबर ठेचा वेगळ्या वाटीत असतो आणि बिलात त्याचा वेगळा आकडा असतो.

गर्दीचा हिशेब मात्र नव्या मंडळींना जमला नाही. गिरणी कामगार पायी येत असे, त्यामुळे रेल्वेचे अरुंद पूल आणि जिने पुरत. गिरणीच्या जागी आलेल्या कार्यालयातला माणूस विरारहून किंवा कल्याणहून येतो, आणि त्याच्या वाट्याला जिना तोच आला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली, ती या चुकलेल्या हिशेबात. पुढच्या वर्षी जुलैत डिलाईल रोडचा पूल धोकादायक ठरवून बंद केला गेला आणि नवा पूर्णपणे खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. दावर शेठजींनी पहिली गिरणी दोन वर्षांत उभी करून चालू केली होती. त्यांना यंत्रे जहाजाने विलायतेहून आणावी लागली होती एवढाच काय तो फरक. डिलाईलचा पूल बंद होण्याआधी, २०११ मध्ये, लालबागचा उड्डाणपूल झाला. त्यावरून जाणाऱ्याला लालबाग लागत नाही. लालबागच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला मात्र तो जाणारा रोज लागतो, आणि दोघे एकमेकांच्या ताटात काय आहे ते पाहू शकतात.

काही गोष्टींपुढे पूल, मॉल आणि मनोरे यांचे काही चालत नाही. उन्हाळा लागला की मुंबईभरच्या गृहिणी वर्षाच्या मसाल्यासाठी लालबागच्या मिरची गल्लीत उतरतात. मसाला कुटणारे डंक चालू होतात आणि आजूबाजूच्या वातानुकूलित इमारतींतले लोकही वर्गभेद विसरून शिंकतात. गणपतीत तर रस्ता सरळ आपला जुना ताबा परत घेतो. चिंचपोकळीचे मंडळ १९२० चे, गणेश गल्लीचे १९२८ चे, लालबागच्या राजाचे १९३४ चे. गिरण्या गेल्या, पण ही खाती तिन्ही पाळ्यांत चालतात. अनंत चतुर्दशीला श्रॉफ बिल्डिंगवरून मूर्तींवर फुलांचा वर्षाव होतो तेव्हा ज्याची मोटार अडकलेली असते त्याला भोंगा वाजवायला परवानगी असते, पुढे जायला नसते.

या रस्त्यांच्या आठवणी काढणाऱ्यांचा आता एक मोठा वर्ग तयार झाला आहे आणि तो मुख्यतः डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा आणि विरार येथे राहतो. त्याच्या आठवणीत चाळीतली माणसे एकमेकांसाठी जीव टाकत. नळावरची भांडणे, सामायिक संडासापुढची डबा घेऊन लावलेली रांग आणि शेजाऱ्याच्या रेडिओवरून सुरू होऊन दिवाणी न्यायालयात गेलेले दावे त्यात येत नाहीत. जे तिथेच राहिले आहेत ते आठवणी कमी काढतात आणि टॉवरमधली जागा किती चौरस फुटांची हे जास्त विचारतात. ते बरोबरच आहे. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून बीडीडीच्या, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, २०७ चाळी होत्या, खोली १६० चौरस फुटांची. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. संडास घरात असण्याच्या सुखापुढे कोणतीही आठवण टिकू नये, आणि टिकलीच तर ती बाहेर राहणाऱ्याची असते. तोटा एवढाच की चाळीत ‘जरा खाली जाऊन येतो’ असे म्हणणारा माणूस अर्ध्या मिनिटात नाक्यावर असे. आता पस्तिसाव्या मजल्यावरून खाली जायचे म्हणजे लिफ्टची वाट पाहावी लागते, आणि ती येईपर्यंत कशासाठी जायचे होते ते आठवेनासे होते.

ज्या वाचकाला हे सारे प्रत्यक्ष पाहायचे असेल त्याने करी रोड किंवा चिंचपोकळीला उतरून पायी फिरावे. दुपारी साडेतीनची वेळ बरी, ऊन कलते आणि चहाच्या टपऱ्यांवर जागा मिळते. पत्ता विचारताना जुनी नावे घ्यावीत, माणसे लगेच बोलती होतात आणि सोडत नाहीत. मोटार मात्र नेऊ नये. लावायला जागा मिळणार नाही.